वाघाच्या पाठीवर हात ठेवलेल्या भगतबाई

आमच्या शाळेत कोणी सहलीहून आलं की मधल्या सुट्टीत फोटो बघण्याचा कार्यक्रम होतो. मोबाईल हातोहात फिरतो. डोंगर, समुद्र, नवरा-बायको, पुन्हा समुद्र. सगळे "व्वा" म्हणतात, मीही म्हणते. पण माझी नजर त्या नवरा-बायकोवर नसतेच. कठडा केवढा आहे, मागचा दगड सुटला तर आधी कोण सापडेल, गर्दी उसळली तर बाहेर पडायची वाट कुठून आहे, हे मी बघत असते. ही खोड मूळची माझी नव्हे. ती मला भगतबाईंनी लावली. बाई गेल्या, खोड मागे राहिली.

मी पुसदची. नोकरी लागली ती राळेगाव तालुक्यातल्या एका आडगावच्या जिल्हा परिषद शाळेत. सुमन भगत तिथे मुख्याध्यापिका होत्या. गावात भाड्याने मिळण्याजोगी एकच धड खोली होती आणि तीही बाईंच्याच घराची पुढची. म्हणजे दिवसभर त्या माझ्या साहेब, आणि संध्याकाळपासून घरमालकीण. माणूस एकच, आणि दोन्ही वेळा घाबरलेलं.

हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. सगळं गाव त्यांना तोंडावर 'भित्री बाई' म्हणायचं आणि बाई "हाव, हाय मी भित्री" म्हणून पुढे चालू लागायच्या. शाळेत आल्या की पहिलं काम म्हणजे काठीने भिंती ठोकून बघणं. मग संडासाची दारं काठीनेच ढकलायची, कारण आत साप असू शकतो. खिचडी शिजली की पहिला घास बाईंचा, आणि त्यानंतर पोरांनी ताटं पुढे घेऊन वाट बघायची, बाई जिवंत राहतात का याची. पोरांच्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. बाई पोटावर हात ठेवून शांत बसलेल्या असायच्या. शेवटी त्या मान हलवायच्या आणि पोरं तुटून पडायची.

पंख्याखाली एकाही पोराला बसू द्यायच्या नाहीत. वर्गाच्या मधोमध मोकळी गोल जागा आणि भोवती पोरं. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "हे काय, मुलांना असं का बसवलंय?" बाई म्हणाल्या, "वर पंखा हाय ना साहेब." साहेबांनी वर बघितलं. पंखा कुरकुरत होता. त्यांनी आपली खुर्ची हातभर मागे सरकवली. शेऱ्यात मात्र 'बैठक व्यवस्था सुधारावी' असं लिहून गेले.

आणि याच बाई अमावस्येला शाळेच्या फाटकावर कोणी लिंबू-मिरची बांधली की ती सोडून घ्यायच्या, लिंबू धुऊन कापायच्या, आणि पोरांदेखत त्याचं सरबत करून प्यायच्या. गंडेदोरे, अंगात येणं, भूतबाधा, यांपैकी कशाचीही त्यांना रतीभर भीती नव्हती. "माह्या आज्यानं धम्म घेतला तवापासून आमच्या घरी असल्या गोष्टीले जागा नाही," असं म्हणायच्या. मी एकदा थट्टेने विचारलं, "बाई, पंख्याला भिता आणि भुताला भीत नाही?" त्यावर म्हणाल्या, "जे हाय त्याचं भेव वाटते वो मले. जे नाहीच, त्याले कायले भ्याव?"

भीतीची त्यांना लाज नव्हती. "भेव म्हंजे घरचं कुत्रं होय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "भुकते तवर भुकू द्याव. चूप झालं का समजाव, घरात कोणीतरी शिरलं." मी तरुण होते, हसायचे. कोणाला भित्री म्हटलं की आपण आपोआप शूर ठरतो, तसं होतं ते.

अशा बाई निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांत त्यांनी आशियाच्या लांबलचक प्रवासाला नाव नोंदवलं, तेव्हा गावाला हसावं की काळजी करावी ते कळेना. यवतमाळच्या उपासक-उपासिकांचा गट निघाला होता. बोधगया, लुंबिनी, तिथून विमानाने थायलंड, मग बसने कंबोडिया, लाओसमध्ये नावेतून, व्हिएतनाम आणि येताना श्रीलंका. पोळा झाला की निघायचं आणि कापूस फुटल्यावर परत यायचं. मी विचारलं, "बाई, तुम्ही? काहून?" त्या बॅगेत दोरी भरत होत्या. दोरी, शिट्टी, टॉर्च, हिंगाची डबी. पोलक्याच्या आतून शिवलेल्या चिंधीवर नाव आणि पत्ता. "किती दिवस एकाच घरात बसून भ्याव?" त्या म्हणाल्या. "आता जराशी बाहेर जाऊन भिऊन पाह्यते."

प्रवासातून त्या मला फोटो पाठवायच्या. पहिला फोटो आला तो एका दाराचा. साधं लोखंडी दार, कुलूप नाही. खाली लिहिलेलं, 'हॉटेलचा मागचा दरवाजा. आग लागली तर इथून.' दुसरा बसच्या नंबरप्लेटचा. तिसरा ड्रायव्हरचा. चौथाही ड्रायव्हरचाच, पण जेवणानंतरचा, आणि त्याखाली, 'याला झोप येत आहे.' कंबोडियातली देवळं बघायला अख्खं जग जातं. बाईंनी त्या देवळाला विळखा घातलेल्या झाडाच्या मुळांचा फोटो काढला आणि लिहिलं, 'हळूहळू आवळत आहे.' त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. फोटोत तसं काहीच नव्हतं, नुसतं झाड आणि दगड. पण त्यांनी दाखवलं की दिसायचं.

इकडे आमच्या गावात त्याच दिवसांत खरी भीती आली होती. आमच्या शिवाराला लागून जंगल आहे, हे काही नवं नाही. वाघ आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. वर्षाकाठी एखादी गाय जायची, लोक हळहळायचे आणि विसरायचे. दसऱ्यानंतर मात्र शेजारच्या गावचा ढोरकी गेला. गुरं एकटीच घरी आली. माणूस दुसऱ्या दिवशी सापडला आणि त्याची ओळख घरच्यांना चपलेवरून पटवावी लागली. वनखात्याने कॅमेरे लावले, माणसं फिरू लागली, पण वाघ एका जागी थोडाच थांबतो? दिवस कलला की दारं लागू लागली. शेवटची एसटी रिकामी यायची आणि रिकामी जायची. परसातल्या मोरीपर्यंत जायला मला धीर होत नसे. निंबाच्या झाडाखालची सावली रोजचीच, पण ती हलली की मी बादली तिथेच टाकून आत पळायचे. वावरात कापूस फुटून पांढरा झाला होता आणि वेचायला बाया जायला तयार नव्हत्या. गेल्या तर घोळक्याने जायच्या, आणि नाल्याकडच्या वावरांत तर नाहीच.

बाई परत आल्या त्या या असल्या गावात. सगळ्यांना फोटो बघायचे होते. मोठा कार्यक्रम संध्याकाळी करायची सोय नव्हती, म्हणून रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला आणि भिंतीवर शाळेचा प्रोजेक्टर. लॅपटॉपवर मी. गावातल्या झाडून सगळ्या बाया आल्या. भीतीने महिनाभर घरात कोंडलेल्या माणसांना दुसऱ्याच्या प्रवासाचं केवढं अप्रूप असतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

बाई काठीने भिंतीवर दाखवत होत्या. "हा लाओसातला जिना. याची तिसरी पायरी हालते. ही नाव. नाववाल्याच्या पोराले पोहता येते का, म्या आधी विचारून घेतलं. हा व्हिएतनामातला रस्ता. इकडून गाड्या, तिकडून गाड्या, मंधात थांबाले जागा नाही. म्या तं अर्धा घंटा उभीच. मंग एका म्हातारीनं माहा हात धरला आन् पार नेलं. थे काय बोलली मले समजलं नाही, म्या काय बोलली तिले समजलं नाही. पण दोघींचेही हात गार होते."

"बाई, देवळं कुठी हायेत?" मागून कोणीतरी ओरडलं.

"देवळं इंटरनेटवर पाह्यजो. तिथं जाऊन वापस कसं याव, थे मी दाखवून राह्यली."

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि मग गटातल्या दुसऱ्या कोणी काढलेले फोटो सुरू झाले. भिंतीवर वाघ होता. भिंतीएवढा मोठा, पट्टे स्पष्ट, पुढचे पाय लांबवून बसलेला. आणि त्याच्या मागे उकिडव्या बसलेल्या भगतबाई. उजवा हात वाघाच्या पाठीवर. तोंड हसरं.

"पुढं घे," बाई मला म्हणाल्या.

"थांब वं मॅडम!" रुखमा उभी राहिली होती. रुखमा म्हणजे वेचणीच्या घोळक्यातली सगळ्यात चटपटीत बाई; नाल्याकडचं एक वावर तिने ठोक्याने, म्हणजे खंडाने, कसायला घेतलं होतं. ती भिंतीजवळ गेली आणि वाघाकडे बोट न दाखवता नुसतं बघत राहिली. "बाई, हे खरं होय?"

"खरं हाय. थायलंडमध्ये."

"आन् थ्यानं काही केलं नाही?"

बाईंनी हातातली काठी खाली केली. मी त्यांच्याकडे बघत होते. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. वर्गातल्या सगळ्या बाया त्यांच्याकडे वळून बघत होत्या, आणि असं त्यांच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. जन्मभर भित्री म्हणवून घेतलेलं माणूस होतं ते. "नाही," बाई म्हणाल्या. "म्या हात ठेवला, थो बसून राह्यला बिचारा."

एवढंच म्हणाल्या. पण त्या एका वाक्याने काय केलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. कोणीतरी भिंतीवरच्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढला होता. तो गावभर गेला, मग शेजारच्या गावात गेला. राळेगावहून त्याच्या प्रती निघून आल्या, प्लास्टिकमध्ये बंद करून. एक मचाणाला लागली. एक ट्रॅक्टरच्या काचेला. वेचणीला जाणाऱ्या बाया कमरेच्या ओटीत, कापसासोबत, तो फोटो ठेवू लागल्या. "वाघानं बाईले ओळखलं," असं बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे हातात काही असेल, कोणी म्हणे नजरेत.

बाईंना हे पहिल्यांदा दिसलं ते पांदणीच्या, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या, तोंडाशी. एका झोपडीच्या दारावर स्वतःचाच फोटो, आणि शेजारी ताजी लिंबू-मिरची. त्या दिवशी त्यांनी लिंबू सोडून घेतलं नाही. घरी आल्या आणि जेवल्याही नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "चाळीस वर्सं पोट्ट्यायले सांगत आली, दोरा बांधून काही होत नाही म्हून. आता मीच दोरा झाली."

"बाई, सांगून टाका ना मग. काय झालं होतं तिथे?"

"सांगीन म्हणते ना," असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांना काय अडत होतं ते मला दिसत होतं. भित्री बाई हे नाव परत घ्यायला माणसाला किती जड जात असेल, तेही मला समजत होतं. मी ताट झाकून ठेवलं.

एके सकाळी वेचणीच्या बाया दारात आल्या. "बाई, तुमी नुसत्या धुऱ्यावर बसा, बांधावर. काही करू नोका." बाई दार अर्धं लावूनच बोलल्या, "मी कायले येऊ वो? मी तं भेवानंच मरून जाईन तिथं." सगळ्या खदाखदा हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

आणि मग तो शनिवार आला. सकाळची शाळा सुटली होती. मी घरी येऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात रुखमाची सासू धापा टाकत आली. रुखमा नाल्याच्या वावरात गेली होती. एकटी. घोळका तिकडे यायला तयार नव्हता, कापूस बोंडातून गळून मातीत चालला होता, आणि तिने सासूला सांगितलं होतं, "बाईचा फोटो हाय माह्यासंग. काही होत नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण पाय थांबले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून परात आणि पळी घेतली, म्हातारीला सांगितलं की चौकात जा, दिसेल त्या माणसाला नाल्याकडे धाड, आणि निघाल्या. मी मागे. मी का गेले ते मला अजून कळलेलं नाही. त्यांना एकट्याने जाऊ देणं जमलं नाही, एवढंच.

पांदण दोन्ही बाजूंनी तुरीने भरली होती. तूर डोक्याच्या वर गेलेली. आत दोन हातांवर काय आहे ते दिसत नाही. भर दुपारचं ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. बाई परात बडवत चालल्या होत्या आणि मोठ्याने पाढे म्हणत होत्या. बे एके बे, बे दुणे चार. "म्हण तूही," मला म्हणाल्या. "माणसाचा आवाज झाला पाह्यजे." आम्ही दोघी शिक्षिका त्या पांदणीत गळा फोडून पाढे म्हणत होतो. कोणी पाहिलं असतं तर वेडं म्हटलं असतं. सातच्या पाढ्यात मी अडखळले तर त्यांनी चालता चालता दुरुस्त केलं.

नाल्याच्या काठावर ओल्या मातीत पंजा उमटलेला होता. माझ्या तळहातापेक्षा मोठा. बाई खाली वाकल्या. पंजाच्या खळग्यात पाणी झिरपत होतं, अजून पुरतं भरलेलंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाल्यापलीकडे माकडं एकाएकी ओरडायला लागली, तो खाकरल्यासारखा कोरडा आवाज, आणि मग तीही गप्प झाली. मी पाढ्यातला पुढचा आकडाच विसरले. बाईंचा आवाज चालूच होता, पण तो आता कापत होता.

पलीकडे पऱ्हाटीत रुखमा वाकून वेचत होती. पाठ तुरीकडे. ओटी टम्म फुगलेली.

"रुखमे, चाल."

रुखमा वळली आणि तिचा चेहरा फुलला. "अवं माय! बाई, तुमीच आल्या? मंग तं काहीच भेव नाही." आणि ती पुन्हा वाकली. "ह्या दोन ओळी राह्यल्या फक्त. बसा ना धुऱ्यावर. आता तुमी हायेच तं पुरे करूनच जाऊ."

मला ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तिला घ्यायला आम्ही गेलो, आणि आम्ही गेलो म्हणूनच ती हलेना. बाई नाला ओलांडून तिच्याकडे चालत गेल्या, मी मागोमाग. तुरीचे शेंडे हलत होते. वारा नव्हता. एकाच ठिकाणचे शेंडे हलले, थांबले, आणि मग त्याच्या जरा अलीकडचे हलले. बाईंनी ते बघितलं. सगळ्या नोकरीत एका पोराला चापट न मारलेल्या त्या बाईंनी रुखमाच्या फाडकन थोबाडीत दिली.

रुखमा गाल धरून बघतच राहिली. बाईंनी तिचं मनगट धरलं, मला पुढे केलं, आणि स्वतः तुरीकडे तोंड करून उलट पावलांनी चालू लागल्या. परात बडवायला हात मोकळा नव्हता. मी बडवत होते. त्या ओरडून अकराचा पाढा म्हणत होत्या. शेंडे हलत होते, आमच्याबरोबर, धुऱ्यापर्यंत. मग थांबले. नाला ओलांडला तेव्हा समोरून काठ्या घेऊन माणसं येताना दिसली आणि मी परात बडवायची थांबले. मी वाघ पाहिला नाही. तुरीचे शेंडे पाहिले, तेवढेच.

त्याच दुपारी बाईंनी सगळ्या बायांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं. सगळ्या आल्या. बाई उभ्या होत्या, बसल्या नाहीत.

"आइका," त्या म्हणाल्या. "थो वाघ बांधला होता. साखळी त्याच्या पोटाखाली होती म्हून फोटोत दिसत नाही. त्याले गुंगीचं औषध देत असन, डोये उघडत नव्हता. बाजूले काठी घेऊन माणूस उभा. मी नाही म्हणत होती, गटातल्या बायाईनं मले ढकललं. आन् थे हासू नोहे. माहे दात वाजून राह्यले होते, तोंड मिटत नव्हतं. लुगडं ओलं झालं माहं तिथंच. म्या तुमाले लबाड सांगतलं. भित्री म्हणू नोका म्हून लबाड सांगतलं. थो फोटो फेका आजच्या आज."

मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. मग रुखमा बोलली. तिच्या गालावर बोटं उठलेली होती.

"पण बाई," ती म्हणाली, "आज तं थो बांधला नव्हता ना? आला आन् गेला. तुमी होत्या म्हून गेला."

बाया माना हलवू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "मोठ्या माणसाले मोठेपणा सांगता येत नाही, माय." आणि बाईंच्या पाया पडायला वाकली. बाई मागे सरकल्या. त्या तेव्हा जशा दिसल्या तशा मी त्यांना पांदणीतही पाहिलं नव्हतं. साप, पंखा, आग, वाघ, यांपैकी कशापुढेही त्यांचा चेहरा इतका हताश झाला नव्हता. काठीने ठोकून बघता येईल असं ते काही नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा ओट्यावर आम्ही दोघीच उरलो होतो. माझा धीर सुटला आणि मला रडू आलं. बाई शांत होत्या. "थो फोटो आता वापस घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "गावोगावी गेला. मंग जिथं फोटो जाते, तिथं मलेच जा लागन."

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लय वाटते. म्हून तं जाते. त्याईले वाटत नाही ना आता."

सोमवारपासून त्या घोळक्याबरोबर जाऊ लागल्या. धुऱ्यावर बसायच्या नाहीत, पुढे असायच्या. कोणी एकटीने तुरीत शिरायचं नाही, लघवीलाही दोघी-तिघींनी जायचं, पाठीला पाठ लावून वेचायचं, ऊन असतानाच घर गाठायचं. ज्या वावरात पंजा दिसेल ते वावर त्या दिवशी सोडायचं, मालक कितीही ओरडो. बाया ऐकायच्या, कारण वाघवाल्या बाईचा शब्द. मनातून त्यांना हे सगळं उगाच वाटायचं. बाई संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा आवाज बसलेला असायचा. रात्रभर कण्हायच्या. सकाळी पुन्हा चपला घालायच्या. दार लोटून त्या बाहेर पडल्या की मी शाळेत जायचे, आणि फळ्यावर लिहिताना कान पांदणीकडे असायचे.

त्या हंगामात आमच्या गावात कोणाला काही झालं नाही. होळीच्या आधी वनखात्याच्या लोकांनी वाघ पकडून नेला. बाईंना पुढच्या पावसाळ्यात साधा ताप आला आणि यवतमाळला भाचीच्या घरी, अंथरुणात, त्या गेल्या. मला ते उशिरा कळलं, पोचता आलं नाही. कारण त्याआधीच, कापूस अजून निम्मा वावरात असताना, माझी पुसदला प्रतिनियुक्ती झाली होती.

म्हणून मला दिसतात त्या, मी गाव सोडलं त्या सकाळच्या बाई. मी एसटीत खिडकीशी बसले होते. गाव सुटलं, आणि पांदण जिथे रस्त्याला मिळते तिथे वेचणीचा घोळका दिसला. बाया एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालल्या होत्या. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या. रुखमा मागे वळून मागच्यांना चिडवत होती. सणाला निघाल्यासारख्या मोकळ्या होत्या. त्यांच्या पुढे, चार पावलांवर, भगतबाई. पदर खोचलेला. मान एकदा डाव्या तुरीकडे, एकदा उजव्या तुरीकडे. पाऊल टाकायच्या आधी माती बघायच्या, मग टाकायच्या. मी काचेवर थाप मारली, हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही. त्या सगळ्या बायांची भीती एकटीने अंगावर घेऊन त्या तुरीत शिरत होत्या, आणि मागच्या हसत होत्या.